आइस प्लांटचं बी: ओलीतून कोरड्याकडे

आइस प्लांट एकदा जमिनीवर पसरलं की दोन-तीन आठवडे पाणी नाही मिळालं तरी कुरकुरत नाही. त्याच झाडाचं आठ दिवसांचं रोप मात्र एका कोरड्या दुपारीत संपतं. मोठ्या झाडाच्या पानांत पाण्याचा साठा असतो आणि मुळांचं जाळं लांबवर गेलेलं असतं. टाचणीच्या डोक्याएवढ्या रोपाजवळ यातलं काहीच नसतं. त्यामुळे बियांपासून असा रसाळ गालिचा तयार करायचा, तर सगळं कसब ओल कुठवर ठेवायची आणि कधीपासून काढून घ्यायची, यात आहे. पाकिटावर ‘दुष्काळात टिकणारं झाड’ असं वाचून पहिल्या दिवसापासून हात आखडता घेणारा जितकी रोपं घालवतो, तितकीच रोपं दोन महिन्यांनंतरही रोज पाणी घालणारा घालवतो.

याच कुळातल्या मेसेंब्रायंथेमम क्रिस्टॅलिनम या झाडाचा वनस्पतिशास्त्रात भरपूर अभ्यास झाला आहे. कोवळ्या वयात ते साध्या झाडांसारखं दिवसा पर्णरंध्रं उघडतं. वय वाढलं आणि क्षारांचा किंवा पाणीटंचाईचा ताण पडला, की रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवायचा आणि दिवसा दारं लावून घ्यायची, अशी पाणी वाचवणारी पद्धत ते धरतं. म्हणजे काटकसर या झाडालाही वाढता वाढताच जमते.

पुढचं सगळं मुख्यतः डेलोस्पर्मा या गणाबद्दल, म्हणजे बागेत आइस प्लांट म्हणून लावतात त्या जवळच्या जातींच्या गटाबद्दल आहे. डेलोस्पर्मा कूपेरीला जांभळट गुलाबी फुलं येतात, उंची 8 ते 15 सेंमी राहते आणि एक झाड 45 ते 60 सेंमी पसरतं. डेलोस्पर्मा न्युबिजेनम आणखी बुटकं, पिवळ्या फुलांचं आणि जास्त थंडी सोसणारं. दोन्ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली.

बियांच्या वाटेला जाण्याआधी एक हिशेब करावा. वीस-पंचवीस झाडंच हवी असतील तर सरळ छाट कलमं लावावीत. 5 सेंमीचा शेंडा, खालची पानं काढलेली, ओलसर वाळूत खोचला की दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. बी परवडतं ते शंभर-दोनशे झाडं लागतात तेव्हा, किंवा मूळ झाडच हाताशी नसतं तेव्हा. शिवाय बियांपासून आलेली झाडं एकसारखी निघत नाहीत. फुलांच्या रंगात, पानांच्या जाडीत, पसरण्याच्या वेगात फरक पडतो. मोठ्या उतारावर हा फरक शोभतो, नेमक्या रंगाचा पट्टा काढायचा असेल तर नडतो. नाव दिलेल्या संकरित जातीचं बी धरून तीच जात मिळेल, ही आशा तर मुळीच ठेवू नये.

बी घरच्या झाडाचं घ्यायचं असेल तर बोंडाचा स्वभाव कळला पाहिजे. बहुतेक झाडांची बोंडं वाळली की फुटतात. याचं उलट आहे: वाळलेलं बोंड घट्ट मिटलेलं असतं आणि भिजलं की उघडतं. बोंड तपकिरी झालं, देठ कडक झाला की तोडायचं, बशीत ठेवायचं आणि वर थोडं पाणी सोडायचं. काही मिनिटांत पाकळ्यांसारखी झडपं मागे वळतात, चांदणीचा आकार दिसतो आणि आतल्या कप्प्यांत बी उघडं पडतं. निसर्गात पावसाचे थेंब या कप्प्यांवर आपटून बी उडवतात, म्हणजे जमीन ओली असतानाच बी बाहेर पडतं. बोंड पुन्हा वाळलं की झडपं पुन्हा मिटतात. या गणाचं नाव एन. ई. ब्राऊन यांनी 1925 मध्ये दिलं. ग्रीकमधून आलेल्या त्या नावाचा अर्थ ‘दिसणारं बी’. जवळच्या बऱ्याच गणांत कप्प्यांवर पातळ पडदा असतो, इथे तो नसतो किंवा नावापुरता असतो.

उघडलेल्या बोंडातून मऊ कुंचल्यानं किंवा पिचकारीच्या बारीक धारेनं बी बशीत उतरवायचं, गाळणीच्या कागदावर ओतायचं आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळवायचं. पंख्याखाली नको, एका झोतात सगळं पीक उडून जातं. बी खसखशीपेक्षा मोठं नसतं, बऱ्याचदा लहानच. कागदाच्या पुडीत घालून, पुडी हवाबंद बरणीत आणि बरणीत सिलिका जेल, असं थंड जागी ठेवलं तर काही वर्षं चांगलं राहतं. अगदी ताजं बी कधीकधी रुसून बसतं. तीन-चार महिने मुरलेलं बी जास्त एकसारखं उगवतं, म्हणून तोडल्या तोडल्या पेरण्याची घाई करत नाही.

बी विकत घेतलेलं असो की घरचं, पेरण्याआधी 20 बिया ओल्या टिश्यू पेपरवर, झाकणाच्या डबीत ठेवून पाहाव्यात. तीन आठवड्यांत दहाच्या आसपास फुटल्या तर बी कामाचं आहे. तीन-चारच फुटल्या तर तिप्पट दाट पेरायचं, एवढाच उपाय उरतो.

पेरणीचं मिश्रण आम्ही तीन सारख्या भागांचं करतो: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खनिज दाणे) आणि 1 ते 3 मिमी दाण्याची वाळू. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घ्यावं, त्यातले क्षार कोवळ्या मुळांना लागतात. वाळू गिलाव्याची बारीक नको. ती कोकोपीटच्या फटींत बसून मिश्रण सिमेंटसारखं घट्ट करते आणि हवा संपते. समुद्रकाठची वाळू मिठामुळे बाद. खत यात अजिबात घालायचं नाही. बियाला त्याची गरज नसते आणि शेवाळाला मात्र मेजवानी मिळते.

निर्जंतुक करणं हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. ओलसर मिश्रण 80 अंश सेल्सियसला अर्धा तास तापवायचं आणि झाकूनच थंड करायचं. जास्त तापवलं तर चांगलं, असं नाही. फार तापवलेल्या सेंद्रिय मिश्रणात रोपांना बाधणारी द्रव्यं सुटतात. तेवढी सोय नसेल तर भरलेल्या ट्रेवर उकळतं पाणी दोनदा ओतून निथळू द्यावं. यानं बुरशीचा सगळा नायनाट होत नाही, पण तणांचं बी आणि चिलटांची अंडी बरीच मरतात. घोळीचं बी वाळूतून हमखास येतं, आणि घोळीचं रोप पहिले दहा दिवस इतकं फसवतं की माणूस त्यालाच आइस प्लांट समजून जपतो. घोळीचे देठ लवकर लांब आणि लालसर होतात. डेलोस्पर्माची खरी पानं बोटासारखी गोलसर निघतात आणि उजेडात त्यांच्यावर बारीक चकाकणारे ठिपके दिसतात. ‘आइस प्लांट’ हे नाव अशा चकाकीवरूनच आलं.

ट्रे किती खोल घ्यायचा, यावर बरेच जण चुकतात. बी लहान म्हणून 3 सेंमीचा उथळ ट्रे घेतात, ‘लवकर सुकेल’ या हिशेबानं. पण पाणी निथळल्यावरही तळाशी ठरावीक उंचीचा थर चिंब राहतोच, आणि ती उंची मिश्रणावर ठरते, ट्रेच्या खोलीवर नाही. उथळ ट्रेमध्ये तो थर जवळजवळ मुळांपर्यंत पोचतो. 6 ते 7 सेंमी खोली ठेवली की वरचा अर्धा भाग ओलसर पण हवेशीर राहतो. तळाला खडी घालूनही हे सुटत नाही, चिंब थर फक्त तेवढा वर सरकतो. भोकं भरपूर हवीत, बस.

ट्रे भरताना खालचं मिश्रण 5 मिमी चाळणीतून आणि वरचा 1 सेंमी थर 2 मिमी चाळणीतून काढलेला असावा. सपाट फळीनं हलकं दाबून घ्यावं, नाहीतर बी खड्ड्यांत गोळा होतं. मग ट्रे पाण्यात ठेवून खालून पूर्ण भिजवायचा आणि निथळू द्यायचा. पाणी आधी, बी नंतर. उलट केलं तर झारीच्या पहिल्याच धारेनं सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं.

30 × 20 सेंमी ट्रेला 200 ते 300 बिया पुरतात, म्हणजे 2 ते 3 चौरस सेंमीला एक. बी नुसतं चिमटीनं टाकलं तर निम्मं एकाच जागी पडतं. म्हणून दोन चमचे कोरड्या बारीक वाळूत ते मिसळून, घडी घातलेल्या कडक कागदावरून टिचकी मारत सोडायचं: अर्धं लांबीच्या दिशेनं, अर्धं रुंदीच्या. फिकट रंगाची वाळू घेतली तर कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते दिसतं. बी झाकायचं नाही. फार तर बारीक वाळूची इतकी विरळ भुरभुर करावी, की खालचं बी दिसत राहील. एवढ्याशा बियात अन्नसाठा जेमतेम असतो. 5 मिमी मातीखाली गेलेलं बी उजेडापर्यंत पोचण्याआधीच दमतं.

वर पारदर्शक झाकण किंवा काच. दिवसा 20 ते 24 अंश आणि रात्री 15च्या आसपास तापमान असेल तर उगवण सर्वांत चांगली. दिवसरात्रीचा हा फरक उपयोगीच पडतो. चोवीस तास तापवणाऱ्या चटईवर ट्रे ठेवण्याची गरज नाही. 30 अंशांच्या वर उगवण मंदावते. उजेड हवा, पण झाकलेला ट्रे थेट उन्हात ठेवला तर आत भट्टी होते आणि उगवलेलंही शिजतं. पहिले अंकुर आठवड्याभरात दिसतात, बहुतेक तीन आठवड्यांत येतात, मागे राहिलेले महिना-दीड महिना लावतात. तेवढ्यासाठी रिकामा दिसणारा ट्रे फेकू नये.

उगवल्यानंतरचे सहा आठवडे खरं काम. माती फोडून दोन जाडसर बीजदलं, म्हणजे बियातलीच पहिली पानं, येतात, हिरव्या मण्यांसारखी. खऱ्या पानांची पहिली जोडी उघडेपर्यंत वरचा थर कधीही फिकट पडू द्यायचा नाही. पण झाकण मात्र उघडायला लागायचं. पंधरा-वीस अंकुर दिसले की एका बाजूला 1 सेंमीची काडी लावून फट ठेवायची, तीन-चार दिवसांनी फट 3 सेंमी, आठ-दहा दिवसांत झाकण बाजूला. एकदम काढलं तर कोंदट हवेत वाढलेली रोपं दुपारपर्यंत माना टाकतात. सगळं बी उगवेपर्यंत बंद ठेवलं तर बुरशी येते. यात मागे राहिलेल्या बियांचं थोडं नुकसान होतं, ते सोसावं.

पाणी खालूनच. ट्रे 2 सेंमी पाण्यात ठेवायचा, वरची वाळू गडद झाली की लगेच बाहेर, दहा-पंधरा मिनिटांचं काम. नंतर ट्रे तिरका धरून निथळू द्यायचा. कधी द्यायचं हे बोटानं नाही, वजनानं कळतं. भिजवल्यावर ट्रे एकदा उचलून पाहावा, दोन दिवसांनी पुन्हा. हाताला चार-पाच वेळांत अंदाज येतो.

रोप कोलमडण्याचा रोग याच टप्प्यात येतो. मातीला टेकणारा देठ आधी काचेसारखा पारदर्शक होतो, मग तपकिरी दोऱ्यासारखा, आणि वरची बीजदलं हिरवीगार असतानाच रोप आडवं पडतं. दुसऱ्या दिवशी शेजारची पाच, तिसऱ्या दिवशी तळहाताएवढा गोल रिकामा. पिथियम आणि रायझोक्टोनिया ही त्यामागची नेहमीची नावं. पहिलं रोप आडवं पडताच त्याच्या भोवतीच्या 2 सेंमी मातीसकट चमच्यानं उचलून बाहेर टाकावं, खड्ड्यात कोरडी वाळू भरावी, झाकण काढावं आणि दूरवरून मंद पंखा सोडावा. बुरशीनाशक आहेच, पण हवा कोंडलेली आणि माती चिंब असताना त्याचा फवारा म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं.

हिरव्या पातळ थरानं घाबरून जाऊ नये. शेवाळ रोपं थेट मारत नाही. पण ते वाळलं की चामड्यासारखी पापुद्री होते, पाणी वरून झिरपत नाही आणि नंतरचे अंकुर तिच्याखाली अडकतात. टूथपिकनं तुकडे करून वर कोरडी वाळू भुरभुरावी आणि पाण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर थोडं वाढवावं. काळी बारीक चिलटं उडायला लागली तर मात्र लक्ष द्यायला हवं. त्यांच्या अळ्या कोकोपीटमध्ये राहून केसांसारखी मुळं कुरतडतात. पिवळे चिकट कागद उडणारी पकडतात, खरा उपाय वरचा थर सुकू देणं. अंकुर पंधरा दिवसांचे होईपर्यंत ते करता येत नाही, म्हणून तर कोकोपीट आधी तापवायचं.

उजेड कमी पडला की रोप दोन दिवसांत सांगतं: बीजदलाखालचा देठ लांबतो, रोप एका बाजूला झुकतं. एलईडी ट्यूब असेल तर 15 ते 20 सेंमी उंचीवर, दिवसाला 12 ते 14 तास. बुटकं, घट्ट, कडेला किंचित लालसर रोप म्हणजे उजेड बरोबर. सगळंच लाल होऊन वाढ थांबली तर ऊन जास्त, नाहीतर मुळं सुकलेली. लांबलेल्या रोपाच्या देठाशी 3-4 मिमी कोरडी वाळू सोडून त्याला आधार देता येतो. दुसरी दुरुस्ती नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खऱ्या पानांची पहिली जोडी पूर्ण उघडते, आणि इथून ओल मागे घ्यायला सुरुवात. आधी फक्त पृष्ठभाग फिकट होऊ द्यायचा आणि त्याच दिवशी पाणी. दुसरी जोडी आली की पृष्ठभाग फिकट झाल्यावर एक दिवस थांबायचं. तिसरी जोडी आली की वरचा 1 सेंमी थर सुकू द्यायचा. पान दोन बोटांत धरलं आणि टणक लागलं तर पाणी नको. किंचित मऊ पडलं, चकाकी उतरली, तर आज द्यावं. बीजदलं या सुमारास सुरकुतून वाळतात, ते तहानेचं लक्षण नाही. हे न कळल्यानं पुष्कळ जण नेमक्या याच वेळी पाणी वाढवतात आणि मुळं कुजवतात. पाचव्या आठवड्यापासून विद्राव्य खत पाकिटावरच्या मात्रेच्या चौथा हिस्सा, पंधरा दिवसांतून एकदा. नत्र जास्त झालं तर रोप फुगतं, पोकळ मऊ होतं आणि पिठ्या ढेकणाला आवडतं.

सहा ते आठ आठवड्यांत रोप दीड-दोन सेंमी रुंद झालं की वेगळं करायचं. आदल्या दिवशी पाणी द्यायचं, चमच्याच्या दांड्यानं खालून उचलायचं आणि पानाला धरायचं, देठाला नाही. पान तुटलं तर नवं येतं. 5-6 सेंमीच्या कुंडीत एकेक रोप लावतात. मोठी जागा भरायची असेल तर तीन-तीन रोपांचा झुबका एकत्र लावणं आम्हाला जास्त पटतं, एखादं गेलं तरी कुंडी रिकामी राहत नाही. लावल्यावर दुसऱ्या दिवशी खालून पाणी, तीन दिवस सावली. पुढे 50 टक्के शेडनेटखालून आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण उन्हात.

सेडम या दुसऱ्या पसरणाऱ्या रसाळ झाडाचं बी याहून बारीक, धुळीसारखं. पद्धत तीच, फक्त वाळूची भुरभुरही नको आणि धीर दुप्पट हवा. डोंगराळ जातींना आधी तीन-चार आठवडे फ्रिजची थंडी मिळाली तर बरं. चिनी गुलाब म्हणजे पोर्चुलाका ग्रँडिफ्लोरा मात्र उष्णतेचं: 25 ते 30 अंशांना आठवड्यात उगवतं आणि मुळं हलवलेली फारशी खपवून घेत नाही, तेव्हा ते कायमच्या जागीच पेरावं. कार्पोब्रोटस हा याच कुळातला आडदांड भाऊ. पसरायला सर्वांत वेगवान, म्हणूनच धोक्याचा. कॅलिफोर्नियात आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर त्यानं स्थानिक झाडोरा दडपला आहे. मोकळ्या किनारी भागात तो लावूच नये.

जमिनीत लावण्याआधीचं महत्त्वाचं काम तणांचं. हा गालिचा पहिल्या वर्षी तण दाबत नाही, तणच त्याला दाबतं. हरळीसारखं जमिनीखालून पळणारं गवत शिल्लक राहिलं तर नंतर रसाळ फांद्यांतून ते उपटताना निम्मा गालिचा हातात येतो. जागा महिनाभर आधी खणून, पाणी देऊन, उगवेल ते दोनदा काढून टाकावं. चिकण मातीत वरच्या 15 सेंमीमध्ये निम्मी कच किंवा जाड वाळू मिसळावी, किंवा सरळ 15 सेंमी उंच गादीवाफा करावा. थोडी वाळू घालून भागत नाही, माती आणखी घट्ट होते. शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन यांचा मोह टाळावा. त्याऐवजी 5 ते 10 मिमी खडीचा 2 सेंमी थर द्यावा, बुंधा कोरडा राहतो. दिवसाला सहा तास थेट ऊन नसेल तर दुसरं झाड शोधावं.

30 सेंमी अंतरानं चौरस मीटरला 11 झाडं बसतात, 25 सेंमीनं 16. दाट लावणीत जमीन साधारण एका हंगामात झाकते, विरळीत दुसऱ्या हंगामात. उतारावर ओळी एकाआड एक सरकवून लावाव्यात, म्हणजे पाण्याची धार सरळ खाली जात नाही. रोपाचा गोळा जमिनीच्या पातळीला किंवा केसभर वरच. खोल लावलेलं रोप मानेशी कुजतं. पहिले दोन आठवडे तीन-चार दिवसांनी पाणी, पुढचा महिना आठवड्यानं, मग पंधरवड्यानं, तेही पानं मऊ पडली तरच. तरी मधली झाडं पिवळी पडून चिकट झाली तर मूळ तपासावं. तपकिरी आणि सालटं सुटणारं मूळ म्हणजे पाणी साचतंय. अशा झाडाचे टणक शेंडे तोडून पुन्हा खोचावेत, मुळापासून ते वाचत नाही.

थंडी ही झाडं बरीच सोसतात, पण गारठा आणि ओल एकत्र आली की जातात. थंडीआधीच पाणी थांबवावं आणि साचणारी पानगळ गालिच्यावरून रोज झाडून घ्यावी. यावरून चालू नये, दोन दगडी पावठ्या टाकून वाट ठेवावी. फुलं ओसरल्यावर सगळी बोंडं तोडू नयेत. पुढच्या पावसात ती उघडतात आणि खडीच्या फटींतून हिरवे मणी डोकावतात. ती रोपं काढून ट्रेमध्ये लावण्याच्या फंदात पडू नये, तिथेच राहू द्यावीत.